सैनिक नव्हे, पास पाहणारा पहारेकरी

परळचे टाटा स्मारक रुग्णालय व पवईची आय.आय.टी. यांनी मिळून विकसित केलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्याविषयी सांगताना 'शरीराचे सैनिक कर्करोगाला शोधून मारतात' असे म्हणण्याचा मोह होतो. वर्गात आम्हीही तसेच सांगितले आहे. ही उपमा फसवी आहे.

रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढून निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात व शिरेतून परत देतात. त्या जनुकामुळे पेशीला सीडी१९ हे प्रथिन ओळखता येते. कर्करोग तिला कळत नाही, कळते ती एवढी खूणच! पूर्वी लालबागच्या गिरणीच्या फाटकावर पहारेकरी माणूस नव्हे, पास पाही; तसेच हे. निरोगी बी-पेशींवरही हीच खूण असते. त्याही मरतात, प्रतिपिंडे घटतात, जंतुसंसर्गाचे भय वाढते. उलट एखाद्या कर्कपेशीने खूण गमावली तर ती निसटते व रोग उलटतो. सैनिकाच्या गोष्टीत यांपैकी कशालाच जागा नाही.

हा उपचार बी-पेशींच्या कर्करोगांपुरताच आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण दिसला, ही मोठीच गोष्ट. पण परळच्या फूटपाथवर बसलेल्या, तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या भावाने बातमी वाचून आशा धरली, तर दोष आपल्या उपमेचा.

पुढच्या तासाला मुलांनाच विचारावे: फक्त कर्कपेशींवरच असेल अशी खूण सापडणे इतके अवघड का?