सोंग आणि संगत

मराठीत ‘सोंग’ हा शब्द दोन तोंडांचा आहे. भारुडात, दशावतारात, मोखाड्याच्या बोहाड्यात कलावंत सोंग घेऊन येतो, तेव्हा आपण सरसावून बसतो. आणि घरातल्या कोणाचे वागणे पटले नाही की ‘पुरे झाली सोंगे!’ म्हणून त्याला गप्प करतो. कौतुक आणि तिरस्कार एकाच शब्दात इतके दाटीने राहतात याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. अमेरिकेत गेल्या चार-साडेचार दशकांत वाढलेल्या एका हौशी संप्रदायाविषयी लिहावयास बसलो, तेव्हा प्रथम हाच शब्द मनात आला. कारण त्या संप्रदायाच्या वाट्याला या शब्दाचा दुसरा अर्थच अधिक आलेला आहे.

‘फरी’ हे त्या मंडळींचे नाव. फर म्हणजे प्राण्याच्या अंगावरची दाट लव. तिच्यावरून ते आले. माणसासारखे बोलणारे, चालणारे, विचार करणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात, आणि आवडतात म्हणून जे त्यांची चित्रे काढतात, कथा रचतात, बाहुल्या आणि पोशाख शिवतात, ते फरी. पंचतंत्राच्या मांडीवर वाढलेल्या मराठी वाचकाला यात चमत्कारिक वाटण्यासारखे काय आहे? करटक आणि दमनक या कोल्ह्यांचे राजकारण आपण शाळेत न जाताच शिकलो. परंतु पंचतंत्रातला कोल्हा आपल्याला काही शिकवून जातो. फरी माणसाचा कोल्हा त्याच्याजवळ राहावयास येतो. फरक आहे तो इतकाच, आणि तो लहान नाही.

या संप्रदायाचा इतिहास जपून ठेवणारे गृहस्थ फ्रेड पॅटन (1940–2018). त्यांनी त्याचा उगम 1980 सालच्या बॉस्टनच्या विज्ञानकथा-संमेलनात दाखविला आहे. तेथे स्टीव्ह गॅलाची नावाच्या चित्रकाराच्या एका चित्राभोवती काही रसिक जमले. चित्रातील नायिका मांजर होती. पण खोडकर किंवा लाडिक मांजर नव्हे, तर सैन्यात काम करणारी, गंभीर, जबाबदार स्त्री. प्राणी काढला म्हणजे हसवलेच पाहिजे का, असा प्रश्न त्या चित्राने उभा केला. त्याही आधी, 1976 पासून, ‘व्हूटी’ नावाचे एक घरगुती नियतकालिक निघत होते. सभासदांनी आपापली पाने स्वतः छापून पाठवावयाची, संपादकाने ती एकत्र बांधून सर्वांना परत धाडावयाची, असा त्याचा रिवाज. आपल्याकडच्या शाळाकॉलेजांतली हस्तलिखिते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या उद्योगातला आनंद वेगळा समजावून सांगावयास नको. 1989 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे पहिले स्वतंत्र संमेलन भरले, त्याला 65 माणसे होती. आज पिट्सबर्गला दरवर्षी भरणाऱ्या ‘अँथ्रोकॉन’ या संमेलनाला 2024 साली 17,000 हून अधिक माणसे जमली. पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर त्या मिरवणुकीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला मुलाबाळांसह उभे राहते.

त्या मिरवणुकीची चलच्चित्रे मी पाहिली आहेत. पण माझे लक्ष गुंतले ते मिरवणुकीपेक्षा तिच्यामागच्या वर्षभराच्या खटपटीत. फरी मनुष्य बहुधा आपल्यासाठी एक पात्र घडवितो; त्याला ‘फर्सोना’ म्हणतात. ते लांडगा असेल, कोल्हा असेल, कधी दोन प्राण्यांचे मिश्रणही असेल. त्याचा रंग, खुणा, शेपटीची लांबी, स्वभाव, सारे ठरवून त्याचा एक तक्ता करतात, म्हणजे कोणत्याही चित्रकाराला ते पात्र न चुकता काढता यावे. पूर्ण पोशाख सगळ्यांकडे असतो, ही बाहेरच्यांची समजूत आहे. तो थोड्यांकडेच असतो, कारण त्याला काही हजार डॉलर पडतात. पुष्कळांचे समाधान गळ्यात अडकविलेल्या एका चित्रित बिल्ल्यावर किंवा नुसत्या शेपटीवर होते.

पोशाखाची कारागिरी मात्र पाहण्यासारखी आहे. जुने कपडे अंगावर चढवून त्यांवरून चिकटपट्टी गुंडाळतात, मग ते कवच कापून काढतात आणि त्यावरून बेत धरतात. डोके बहुधा गादीच्या फोममधून कोरून काढतात. लव कापावयाची ती पाठीमागून, पात्याच्या टोकाने, म्हणजे केस तुटत नाहीत. आणि तुकडे जोडताना लवेची दिशा सांभाळावयाची, नाहीतर प्राणी उलट्या बाजूने विंचरल्यासारखा दिसतो. डोळे जाळीच्या कापडावर रंगवितात आणि खोबणीत थोडे आत बसवितात. त्यामुळे तुम्ही कोठेही उभे राहा, तो प्राणी तुमच्याकडेच पाहतो असा भास होतो. आत प्रचंड उकाडा. काही जण डोक्यात छोटा पंखा बसवितात, पाणी नळीने पितात. दिसते थोडे, म्हणून हात धरावयास एक सोबती लागतो. संमेलनात एक खोली अशी राखलेली असते की जेथे डोकी उतरवून, घाम पुसून, माणसांनी घटकाभर माणूस व्हावे. दशावतारी मंडळींच्या रंगपटाची आठवण मला येथे झाल्यावाचून राहिली नाही.

आता हसण्याविषयी. 2014 च्या डिसेंबरात शिकागोजवळील रोझमाँट येथे असेच एक संमेलन चालू असता, हॉटेलच्या जिन्यात मध्यरात्रीनंतर कोणीतरी क्लोरीन वायू सोडला. हजारो माणसे हिवाळ्याच्या रात्री रस्त्यावर आली. 19 जणांना इस्पितळात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी ही बातमी चालू असता दूरचित्रवाणीवरील एका निवेदिकेला हसू आवरेना; ती उठून पडद्याबाहेर गेली. विषारी वायूने गुदमरलेल्या माणसांची बातमी, आणि हसू! ती बाई दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. तिला लांडग्याचे डोके दिसले, आतला गुदमरलेला माणूस दिसला नाही, एवढेच.

2016 च्या मार्चमध्ये कॅनडात व्हँकूव्हरजवळ दुसरा योग आला. युद्धातून निसटलेली काही सीरियन कुटुंबे ज्या हॉटेलात तात्पुरती उतरली होती, तेथेच फरी संमेलन ठरले होते. या लोकांना बिचकविण्यासारखे काही करू नका, अशी सूचना संयोजकांनी आपल्या सभासदांना दिली. प्रत्यक्षात मुलांनीच धाव घेतली. त्यांनी त्या केसाळ प्राण्यांना मिठ्या मारल्या, त्यांच्याबरोबर नाच केला, आणि हसली. निवेदिकाही हसली आणि मुलेही हसली. सोंग तेच होते. एका हसण्याने माणूस दूर लोटला गेला, दुसऱ्याने जवळ आला. कलाकृतीचे मोल ठरविताना आपल्या हसण्याची जात तपासावी लागते, ती याचसाठी.

या संप्रदायात सारेच निर्मळ आणि बाळबोध आहे असे नव्हे. प्रौढांसाठीच काढलेली चित्रेही तेथे आहेत आणि वृत्तपत्रांनी त्यांचाच गाजावाजा अधिक केला. पण टीकाकार म्हणून माझी तक्रार वेगळीच आहे. येथील चित्रकलेचा मोठा भाग सांगून करवून घेतलेला असतो. ज्याचे पात्र, तो पैसे मोजतो. चित्रकार ते पात्र रंगवितो. चित्रकाराची चूल त्यावर पेटते, हे चांगलेच. परंतु आश्रयदात्याची तसबीर काढताना दरबारी चितारी जे करीत आले, तेच येथेही होते. प्रत्येक लांडगा देखणा, तरुण, पाणीदार डोळ्यांचा. त्याला पिसवा नाहीत, भूक नाही, म्हातारपण नाही. अशी पाचपन्नास चित्रे ओळीने पाहिली की लांडग्याचे कातडे पांघरलेला एकच गोड चेहरा आपण पुन्हापुन्हा पाहत आहो असे वाटू लागते. प्राण्याचे रूप घ्यावयाचे आणि प्राणी मात्र वगळावयाचा, हा या कलेतला खरा दोष.

माझी कसोटी साधी आहे. प्राण्याचा देह कथेच्या कामी आला की नाही? स्टॅन साकाई यांचा ‘उसागी योजिंबो’ हा ससा-सामुराई 1984 साली गॅलाचींच्याच ‘अल्बेडो’ या नियतकालिकातून प्रथम अवतरला. त्याचे लांब कान डोक्यावर सामुराईच्या शेंडीसारखे बांधलेले असतात. एवढ्या एका युक्तीत ससा आणि योद्धा एक झाले. कोठे सांधा दिसत नाही. कसोटी उतरली.

तिला सर्वांत उत्तम उतरलेली कृती म्हणजे अर्सुला व्हर्नन यांची ‘डिगर’ ही चित्रकादंबरी. फरी साहित्यालाच वाहिलेल्या ‘सोफावुल्फ’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने ती छापली, आणि 2012 साली तिला विज्ञानकथा-जगतातील ह्यूगो पुरस्कार मिळाला. सातशेहून अधिक पृष्ठे, सारी काळ्यापांढऱ्यात, लाकडी ठशासारख्या जोरकस रेषेची. नायिका वॉम्बॅट आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियातला बिळे खणणारा, ठेंगणा, गुबगुबीत प्राणी. तिला कोणी देखणी म्हणणार नाही. ती धंद्याने खणणारी आहे, हातात कुदळ, डोक्यात बोगद्यांचे गणित, आणि जादू व देव यांविषयी पिढीजात अविश्वास. खणता खणता दूषित वायूने भोवंडून तिची दिशा चुकते, आणि ती जमीन फोडून वर येते ती थेट एका देवळात. मराठी वाचकाने येथे सावरून बसावे; कारण ते देऊळ गणपतीचे आहे, आणि मूर्ती तिच्याशी बोलते.

परक्या लेखकाने आपला देव कथेत आणला की आपण आधी चूक शोधू लागतो. मीही त्याच धास्तीने पाने उलटली. पण हा गजानन शोभेचा नाही, चेष्टेचाही नाही. तो शांत, सौजन्यशील आणि थोडा मिस्किल आहे. आणि मूर्तीत राहणारा असल्यामुळे तो जागचा हलू शकत नाही, हेही लेखिकेने विसरू दिलेले नाही. देवावर भरवसा नसलेली कष्टकरी नायिका आणि तिला आसरा देणारा देव यांच्या संभाषणांत मला या ग्रंथाचा प्राण सापडला. दोघेही एकमेकांना बदलावयास जात नाहीत.

तरसांचे प्रकरण त्याहून सरस आहे. ठिपक्याच्या तरसांत कळपाचा कारभार माद्यांकडे असतो, हे प्राणिशास्त्राचे सत्य; व्हर्ननबाईंनी त्यावर सारी जमात उभी केली. त्या जमातीने बहिष्कृत केलेला एक नर आहे. शिक्षा म्हणून त्याचे नावही काढून घेतलेले. नायिका त्याला ‘एड’ अशी साधी हाक मारू लागते. पिल्लाला वाचविण्यासाठी त्याने काय केले आणि त्याची केवढी किंमत मोजली हे हळूहळू उलगडते, तेव्हा तरसासारख्या बदनाम जनावरासाठी आपला कंठ दाटतो. मधला भाग पसरट झाला आहे, आणि विनोदी शेरे काही ठिकाणी दुःखाच्या आड येतात, हे खरे. पण नाव हिरावलेल्याला कोणीतरी हाक मारणे, ही घटना ज्या ताकदीने येथे आली आहे, ती मी फार थोड्या कादंबऱ्यांत अनुभवली.

आणि येथे ती कृती आणि तो संप्रदाय यांचा धागा मला दिसतो. फरी मंडळी एकमेकांना भेटतात ती स्वतः घेतलेल्या नावाने. घरात, शाळेत, कचेरीत मिळालेल्या नावाखाली ज्यांना बोलता आले नाही, त्यांना कोल्ह्याच्या नावाने बोलता येते. आणि समोरचा ते नाव न हसता उच्चारतो. म्हणून दरबारी तसबिरींविषयी मी जे कठोर बोललो, त्याला एक पुस्ती जोडली पाहिजे. ती चित्रे कला म्हणून सामान्य असतील. परंतु त्यांतले प्रत्येक चित्र हा कोणीतरी कोणाच्या तरी नावाने केलेला उच्चार आहे. उत्तम कला त्याच मशागतीतून वर येते. पासष्ट माणसांचे ते पहिले संमेलन आणि तसलीच घरगुती पाने नसती, तर ‘डिगर’ छापावयास कोण पुढे आले असते?

यंदाच्या सुट्टीत तुमच्या घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी शेपटी शिवत बसलेली दिसली, तर ‘हे काय सोंग?’ असे अवश्य विचारा. मात्र शब्दाचा पहिला अर्थ मनात धरून विचारा, आणि लवेची दिशा बरोबर आहे ना, तेवढे पाहून द्या.