सूक्ष्मजीवांतील प्रकाशसंवेदी प्रथिने : क्षमता आणि कार्य

ऱ्होडॉप्सिन-वर्गातील प्रथिनांविषयी आज विपुल लेखन होत आहे. जनुक आढळले की त्याचे कार्यही कळले, असा समज त्यातून नकळत दृढ होतो. तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

१९७१ साली ऑस्टरहेल्ट व स्टोकेनियस यांना हॅलोबॅक्टेरियम या लवणप्रिय जीवाच्या जांभळ्या पटलात रेटिनालयुक्त प्रथिन आढळले. ते प्रकाशाच्या बळावर प्रोटॉन पेशीबाहेर टाकते, असे त्यांनी १९७३ साली मांडले. १९७४ साली रॅकर व स्टोकेनियस यांनी कृत्रिम पुटिकांत हे प्रथिन व एटीपी घडविणारे विकर एकत्र आणून प्रकाशाने एटीपी निर्माण करून दाखविले. येथे रचना, क्रिया व उपयोग यांची साखळी क्रमाक्रमाने जुळली. परंतु त्याच जीवात याच घडणीची आणखी तीन प्रथिने आहेत : एक क्लोराइड आत ओढते, तर उरलेली दोन प्रकाशाची जाणीव पोहण्याच्या यंत्रणेस कळवितात. घडणीच्या साम्यावरून कार्य ठरविण्यातील धोका यावरून स्पष्ट व्हावा.

२००० साली माँटेरे उपसागरातील, प्रयोगशाळेत न वाढविलेल्या जीवाणूंच्या डीएनएत असेच जनुक सापडले. ते ई. कोलायमध्ये घालून रेटिनाल पुरविताच प्रोटॉन-वहन दिसले. यातून सिद्ध झाली ती क्षमता. मूळ जीवाच्या जीवनातील कार्य नव्हे. २००५ साली पेलॅजिबॅक्टरची वाढ उजेडात व अंधारात सारखीच आढळली. उलट २००७ साली डॉक्डोनियाची वाढ प्रकाशाने सुधारलेली दिसली. हा विरोध वरवरचा होय. २०१० साली एका व्हिब्रिओमधील हे जनुक निकामी करताच, उपासमारीत प्रकाशामुळे तगून राहण्याचा त्याचा लाभ नाहीसा झाला. २०११ साली कार्बनाच्या टंचाईतील पेलॅजिबॅक्टरलाही प्रकाश उपकारक ठरला.

तात्पर्य, प्रश्न ‘हे प्रथिन काय करू शकते’ एवढाच नसून ‘कोणत्या परिस्थितीत, कोणासाठी करते’ हा आहे. पहिल्याचे उत्तर परक्या पेशीतही मिळते. दुसऱ्यासाठी मूळ जीव, त्याची उपासमार आणि जनुक निकामी केलेला त्याचा जोडीदार, तिन्ही समोर हवेत. ती नसतील तेथे ‘संभाव्य’ हे विशेषण गाळण्याचा मोह संशोधक विद्यार्थ्याने आवरावा.