बर्टविसल: अर्धवट ऐकलेली शीळ

इंग्रजी आडनावं पुष्कळदा रुक्ष असतात. लोहारकाम करणारा तो स्मिथ, पाव भाजणारा तो बेकर. कळलं की संपलं. ‘बर्टविसल’ मात्र असं सहज सुटत नाही. स्पेलिंगमध्ये शेवटी दडलेला ‘ट’ उच्चारात गळतो आणि कानावर येतं ‘बर्ड व्हिसल’, पाखराची शीळ! हा भास इतका गोड की काही घराण्यांनी स्पेलिंगच तसं करून घेतलं. देहबोलीच्या अभ्यासाला ‘कायनेसिक्स’ हे नाव देणारे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रे बर्डव्हिसल त्यांतलेच. आयुष्यभर शोध घेतला तो माणसं न बोलता काय सांगतात याचा, आणि आडनावात शीळ!

खरं मूळ मात्र इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये, पॅडिहॅमजवळच्या याच नावाच्या एका नामशेष वस्तीत आहे. जुन्या इंग्रजीतला ‘ब्रिड’ म्हणजे पिल्लू. मोठ्या पक्ष्याला तेव्हा ‘फुगोल’ म्हणत. तोच पुढे आक्रसून ‘फाउल’ झाला आणि पिल्लाचा शब्द साऱ्या पक्षिजातीला मिळाला. मधल्या काळात त्यातल्या ‘र’नेही जागा बदलली: ब्रिडचा बर्ड झाला. ‘ट्विसला’ म्हणजे दोन प्रवाह मिळतात ते बेचकं. त्याच भागातल्या एन्टविसल या नावात बदक किंवा पाणकोंबडी आहे, ऑस्वाल्डट्विसलमध्ये ऑस्वाल्ड नावाचा माणूस. पण नाव ठेवणाऱ्याची नजर मला बर्टविसलमध्येच दिसते. बेचक्यात पाणी होतं, झाडोरा असेल, चिखल तर असणारच. त्याने मोजली ती पिल्लं.

या आडनावाचे सर्वांत प्रसिद्ध धनी म्हणजे संगीतकार सर हॅरिसन बर्टविसल (१९३४–२०२२). जन्म ॲक्रिंग्टनचा, म्हणजे ऑस्वाल्डट्विसलच्या शेजारचाच. पण त्यांच्या संगीतात सहज शिळेवर धरावी अशी चाल शोधू नये. सॅक्सोफोन आणि ड्रम्सचा धुमाकूळ असलेली त्यांची ‘पॅनिक’ ही रचना १९९५मध्ये प्रॉम्स या बीबीसीच्या संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री वाजली, तेव्हा बीबीसीकडे तक्रारींचा पाऊस पडला. शिळेची अपेक्षा धरणाऱ्यांना हे नाव असंही फसवतं.

तरी लोकांच्या कानाला अगदीच चूक ठरवता येत नाही. शीळ त्यांनी पदरची घातली, पण पाखरू तिथे होतंच. मला विचाराल तर शिळेपेक्षा ओढ्याकाठची ती पिल्लंच जास्त देखणी.