गॅझेट की गॅझेटियर? एका तळटीपेची उलटतपासणी

एम.ए.च्या लघुप्रबंधात मी एक तळटीप दिली होती : 'कोल्हापूर गॅझेटियर, 1902'. मुद्दा राजर्षी शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या आदेशाचा होता. तोंडी परीक्षेत सरांनी एवढंच विचारलं, "हे कुठं बघितलंस?" मी गप्प. बघितलंच नव्हतं. एका पेपरमधून उचललं होतं, आणि त्या पेपरवाल्यानं आणखी कुठून तरी उचललं असणार.

आता ती तळटीप तुम्ही नीट वाचा. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारचे हुकूम, नेमणुका, जाहीरनामे त्यात छापून येतात. गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, शेती, लोक यांची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ. 26 जुलै 1902 चा आदेश आहे करवीर सरकारच्या गॅझेटमधला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा 24 वा खंड निघाला 1886 मध्ये, आणि महाराजांच्या हाती कारभार आला 1894 मध्ये. म्हणजे त्या खंडात हा आदेश सापडणं शक्यच नाही. महाराष्ट्र शासनाचा कोल्हापूर जिल्हा गॅझेटियर आला थेट 1960 साली. '1902 चा गॅझेटियर' माझ्या तळटीपेत होता, कपाटात कुठेच नव्हता.

तुम्ही म्हणाल, एका 'यर'नं एवढं काय बिघडलं? आदेश तर खराच आहे ना? बिघडतं ते असं, की मूळ कागद कुणीच बघत नाही आणि आशय हळूहळू सरकत जातो. आपल्या कॉलेज-चर्चासत्रांच्या पेपरांत हा आदेश कधी 'दलितांसाठी 50 टक्के' होतो, कधी 'ओबीसींसाठी', कधी 'नोकरी आणि शिक्षणात'. आदेश काय म्हणतो? रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. सगळ्या जागा नव्हेत, रिकाम्या होणाऱ्या. विषय संस्थानच्या नोकऱ्यांचा, कॉलेज प्रवेशाचा नाही. आणि 'मागासलेले वर्ग' कोण, हे आदेशातच सांगितलंय : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे मराठ्यांपासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत. आजचे प्रवर्ग 1902 च्या कागदावर चिकटवले की तुमचा पुढचा सगळा युक्तिवाद चुकीच्या पायावर उभा राहतो. आज आरक्षणावर जे वाद चाललेत ते पाहता ही चूक लहान म्हणता येणार नाही.

मग करायचं काय? तुम्ही जे वाचलंय तेच लिहा. धनंजय कीरांचं इंग्रजी शाहूचरित्र (1976) वाचून आदेश कळला असेल तर तळटीपेत आधी मूळ आदेशाची तारीख द्या, पुढे 'कीर यांच्या ग्रंथात उद्धृत' म्हणा आणि पान क्रमांक कीरांचा द्या. यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो कीर वाचून गॅझेट वाचल्याचा आव आणण्यात. विलास संगवे यांनी संपादित केलेल्या 'शाहू पेपर्स'मधून घेतलं असेल तर खंड आणि पान दोन्ही हवेत, नुसतं 'शाहू पेपर्स' लिहून भागत नाही. इंग्रजी मजकूर तुम्ही मराठीत केलात तर 'भाषांतर माझे' हे दोन शब्द घालाच. आणखी एक, 'दुय्यम साधन' म्हणून सगळी पुस्तकं एका माळेत ओवू नका. अण्णासाहेब लठ्ठ्यांनी महाराजांना जवळून पाहिलं होतं, त्यांचा ग्रंथ 1924 चा, महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी आलेला. कीर त्यानंतर अर्ध्या शतकानं लिहितात. लठ्ठ्यांची जवळीक हे त्यांचं बळही आहे आणि मर्यादाही.

आमच्या शाहूवाडी तालुक्यातलंच दुसरं उदाहरण पावनखिंडीचं. 13 जुलै 1660 च्या लढाईसाठी रणजित देसाईंची 'पावनखिंड' संदर्भ म्हणून दिलेली दिसते. ती कादंबरी आहे हो! बाजीप्रभूंची प्रतिमा मराठी साहित्यात कशी घडली, हा तुमचा विषय असेल तर ती तुमचं मूळ साधनच आहे, खुशाल द्या. पण खिंडीत किती माणसं होती हे तिच्यातून काढू नका.

'सॉफ्टवेअर आहे की तपासायला' असं समजून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी थोडं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांत प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, 40 ते 60 मध्ये एक वर्ष सादर करायला बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. ठीक आहे, नियम हवेतच. पण ही तपासणी करताना संदर्भसूची वगळतात, आणि मोजलं जातं ते शब्दांचं साम्य. माझी खोटी तळटीप त्या मोजणीत आलीच नसती. अहवाल स्वच्छ, संदर्भ बोगस! हल्ली चॅटबॉटकडून संदर्भसूची मागणाऱ्यांचं तर विचारूच नका, तिथं पुस्तकही नसतं आणि लेखकही नसतो.

माझ्या लघुप्रबंधात ती ओळ आजही तशीच आहे, बांधून झालेल्या प्रतीत काय बदलणार? पीएच.डी.च्या दुसऱ्या प्रकरणात पुन्हा तोच आदेश आला तेव्हा 'कीर यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात मलकापूरहून सकाळची एसटी पकडून कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाणार आहे. गॅझेटचा मूळ अंक हाती लागला तर 'उद्धृत' काढीन.