एका अनावृत पत्राविषयी

दिवाळी अंकात टीकालेख लिहावयाचा म्हणजे तो एखाद्या कादंबरीवर किंवा काव्यसंग्रहावर, असा रिवाज आहे. यंदा मी एका पत्रावर लिहिणार आहे. पत्र इंग्रजी, लिहिणारे कायद्याचे पंडित, आणि मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. हा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे वाचक विचारतील. माझे उत्तर एवढेच की, मुलांना पत्रलेखन शिकवण्यात माझे आयुष्य चालले आहे, आणि इतके चांगले पत्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

पत्राची तारीख १६ सप्टेंबर १९७९. ते लिहिले आहे भारताच्या सरन्यायाधीशांना. त्या आसनावर तेव्हा पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. खाली चौघांच्या सह्या आहेत : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. पहिली तिघे दिल्लीची, चौथ्या पुण्याच्या.

पत्राचे कारण आपल्याच महाराष्ट्रात घडले. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी तक्रारीच्या चौकशीसाठी आणली गेली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. मुलीचे वय १४ ते १६ वर्षे. ठाण्यातल्याच दोघा पोलिसांवर तिच्यावरील अत्याचाराचा खटला झाला. सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचे म्हणणे पटण्याजोगे नाही, तेव्हा तिची संमती असली पाहिजे, असा या शेवटच्या निकालाचा आशय. त्या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांत सर्वत्र छापले आहे. मी ते येथे घेत नाही. कारण पुढे येईल.

आता पत्राचे गुण पाहू. पहिला गुण हा की, ते निकालपत्र एखाद्या चोखंदळ टीकाकाराप्रमाणे शब्द न् शब्द वाचते. संमती आणि शरणागती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे नागपूरच्या न्यायाधीशांनी ओळखले होते. दिल्लीत तो भेद पुसला गेला, यावर पत्रकर्ते नेमके बोट ठेवतात. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, समोर वर्दी. तिथे गरीब पोर गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार कसा?

दुसरा गुण तुलनेचा. त्याच न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात, स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावणे गैर आहे, असे बजावले होते. पाच महिन्यांनी मजूर मुलीच्या वेळी त्याची आठवणही झाली नाही. दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले की टीकेचे निम्मे काम आपोआप होते. शिवाय एवढा संताप पोटात असून पत्राची अदब कोठेही सुटत नाही. हे साधणे किती कठीण, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

फळ काय मिळाले? ते दोघे सुटले ते सुटलेच. परंतु १९८० मध्ये मुंबई-दिल्लीच्या रस्त्यांवर स्त्रिया उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे हाही गुन्हा ठरला. माझ्या मौनाचे कारण हे. पत्र लिहिले गेले त्यानंतर तीनच महिन्यांनी, १८ डिसेंबर १९७९ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार मंजूर केला. भारताने त्याला १९९३ मध्ये मान्यता दिली. आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्वच्छ शब्दांत यायला २०१३ साल उजाडले. पत्रातला मुद्दा कायद्याच्या पोथीत शिरायला चौतीस वर्षे लागली!

इथवर मी स्तुतीच करीत आलो. दोष मला दिसला नव्हता. तो माझ्या आईने दाखवला. माझी मुलगी कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. तिनेच हे पत्र घरी आणले आणि एकेक वाक्य मराठीत सांगत मला वाचून दाखवले. आई चकल्या तळीत होती. शेवटी तिने विचारले, "आन् त्या लेकराला कुणी वाचून दाखवलं का गं हे?"

आम्ही दोघेही निरुत्तर झालो. पत्र तिच्याविषयी आहे, पण तिच्याशी ते बोलत नाही. ती त्यात अन्यायाचे उदाहरण होऊन येते. तिचा स्वतःचा शब्द कोठेच ऐकू येत नाही. सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रात दुसरे काय होणार, असे म्हणता येईल. तरीही उणीव ती उणीवच.

ही उणीव वसुधाताईंना जाणवली असावी, असे त्यांच्या पुढच्या कामावरून मला वाटते. चौघांपैकी बक्षी मानवी हक्कांचे भाष्यकार म्हणून जगभर गाजले. वसुधाताईंनी १९८५ मध्ये दिल्लीत 'मार्ग' ही संस्था काढली आणि ज्यांच्यासाठी कायदा असतो, त्यांना तो सोप्या भाषेत समजावून देण्याचे काम हाती घेतले. नर्मदेच्या धरणग्रस्तांना सरकारने काय सांगितले आहे, हे त्यांच्या संस्थेने गावोगाव जाऊन विचारले. आदिवासींना कायदा कसा दिसतो, यावर त्यांनी २००६ मध्ये ग्रंथ लिहिला. २०१४ साली त्या गेल्या. १९७९ च्या पत्राचा उत्तरार्ध त्यांनी असा उरलेल्या आयुष्यात लिहिला, असे मी समजतो.

मुलीने या सुटीत पत्राचे मराठी करायला घेतले आहे. पहिल्याच संबोधनापाशी ती अडली आहे. न्यायमूर्तींना 'महाराज' म्हणावे की 'माननीय', यावर घरात वाद चालू आहे. पुरे झाले, की पहिले वाचन आईपुढे व्हायचे आहे.