बोटावरचा आकडा आणि कातडीचा रंग
कोविडच्या दिवसांत बोटाला लावलेला तो चिमटा आठवतोय ना? तो ऑक्सिजन थेट मोजत नाही. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतो, नाडीबरोबर दोन्हींचं शोषण किती बदलतं त्याचं गुणोत्तर काढतो आणि निरोगी स्वयंसेवकांवरून बनवलेल्या तक्त्यातून टक्केवारी उचलतो. ते स्वयंसेवक कोण होते, हे इथेच विचारा.

२०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचा छोटासा निबंध आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहूनही कमी, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मापनांत निघालं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के.

निष्कर्ष मला पटतो. पण पद्धत वाचताना थांबा. वर्ण रुग्णांनीच सांगितलेला. कातडीचा रंग कुणी मोजलाच नाही. शिवाय धमनीतलं रक्त काढतात ते बहुधा डॉक्टरांना शंका आल्यावरच, म्हणजे निवड आधीच झालेली. आपल्याकडे तर एकाच घरात चार छटा सापडतात! हाच अभ्यास इथे करणार असाल तर 'भारतीय' हा रकाना काही कामाचा नाही, आधी रंग मोजायचं साधन शोधा.