‘पूल व मोऱ्या’ : वनकायद्यातील एका सवलतीची चिकित्सा (वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात)

वनविषयक कायद्यांची चर्चा आपल्याकडे बहुधा हक्क आणि अतिक्रमण या दोन प्रश्नांभोवती फिरते. जंगलात काम करताना वनविभाग स्वतः जे बांधतो, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. कूपातील लाकूड आगारापर्यंत नेणारा कच्चा रस्ता असो, तेंदूपानांच्या ट्रकची वाट असो वा जाळरेषेलगतचा गस्तीचा मार्ग असो, प्रत्येकाला कोठे ना कोठे नाला ओलांडावा लागतो. त्या ओलांडण्याविषयी कायद्याचा पाठ काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या तपासणीस वाशिम जिल्हा विशेष योग्य ठरतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातून पाणी दोन दिशांना जाते. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेकडे पूर्णेला मिळून तापी खोऱ्यात जाते. अडाण, अरुणावती व पूस यांचे पाणी पैनगंगेच्या मार्गाने गोदावरी खोऱ्यात उतरते. साहजिकच येथील बरेचसे नाले उगमाकडचे, आखूड आणि पावसाळ्यापुरते वाहणारे आहेत. उन्हाळ्यात असा नाला म्हणजे केवळ कोरडी घळ असते. वनातील तोड आणि वाहतूकही प्रामुख्याने त्याच कोरड्या महिन्यांत चालते. त्यामुळे येथे पाणी आहे, याचेच विस्मरण होते.

कोरड्या नाल्यात दोन सिमेंटच्या नळ्या टाकून वर मुरूम पसरला की ट्रक निघून जातो. जोराचा पाऊस झाला की पाण्याबरोबर पाचोळा, फांद्या आणि तोडीचा उरलेला काडीकचरा वाहून येतो व नळीचे तोंड बुजते. मग पाणी भरावावरून तरी जाते किंवा शेजारचा काठ कापून नवी वाट काढते. दोन्ही प्रकारे माती खालच्या शेतात, बंधाऱ्यात व तलावात जाऊन बसते. नळी तळापेक्षा उंच बसवली तर खालच्या बाजूस पाणी पडून खड्डा होतो आणि माशांची वर जाण्याची वाट तुटते. विदर्भात ज्यास रपटा म्हणतात, ती दगडी वा काँक्रीटची फरशी मात्र पुराला अडवीत नाही. पूर तिच्यावरून जातो, ट्रक तेवढा वेळ थांबतो. हंगामी नाल्यासाठी तोच बहुधा शहाणपणाचा उपाय होय. तथापि रपट्याचे खरे दुखणे फरशीत नसून दोन्ही बाजूंच्या उतारांत असते. काळ्या मातीतील चाकोऱ्या पावसाचे पाणी थेट नाल्यात आणून सोडतात. ते अलीकडेच आडव्या चरांनी झाडोऱ्यात वळवावे लागते. प्रवाह सरळ आणि काठ घट्ट असलेली जागा निवडणे, काटकोनात ओलांडणे, ओंडक्यांचे तात्पुरते पूल पावसाळ्यापूर्वी काढून घेणे, पाऊस ओसरताच तुंबलेला गाळ उपसणे, ही पथ्ये काही गूढ नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९६ साली वनतोडीची आदर्श संहिता प्रसिद्ध केली. भारतीय रस्ते काँग्रेसची कॉजवे व बुडीत पुलांविषयीची मार्गदर्शिका २००८ ची आहे. ज्ञानाची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही.

उणीव आहे ती कायद्याच्या शब्दांत. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमात १९८८ साली दुरुस्ती होऊन ‘वनेतर प्रयोजन’ या संज्ञेचे स्पष्टीकरण बदलले. वनांच्या संवर्धन व व्यवस्थापनाशी निगडित कामे त्यातून वगळण्यात आली आणि त्या यादीत कुंपण, पूल व मोऱ्या, धरणे, पाणवठे इत्यादींचा समावेश झाला. ही सवलत अनाठायी नाही. प्रत्येक मोरीसाठी केंद्राची पूर्वसंमती मागणे हास्यास्पद ठरले असते. परंतु या स्पष्टीकरणाची कसोटी केवळ हेतूची आहे. काम वनासाठी आहे ना, एवढेच ते विचारते. काम कोणत्या रीतीने झाले, हे विचारीत नाही. नाल्यावर परिणाम होतो तो मात्र रीतीचा. २०२३ च्या दुरुस्तीने ‘धरणे’ हा शब्द काढून तेथे लहान बंधाऱ्यांचा उल्लेख केला. म्हणजे आकाराचा विवेक विधिमंडळास सुचला होता. ‘पूल व मोऱ्या’ मात्र विशेषणावाचून तसेच राहिले.

याच्याशी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २५ ताडून पाहण्यासारखे आहे. राखीव वनातील वाट किंवा जलप्रवाह बंद करावयाचा झाल्यास वनाधिकाऱ्यास राज्य शासनाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते आणि सोयीस्कर पर्याय उपलब्ध असावा लागतो. वसाहतकालीन कायद्याने वाट आणि पाणी एकाच कलमात बसवले, हे विशेष. अर्थात तेथे अभिप्रेत आहे ते हेतुपुरस्सर बंद करणे. बुजलेल्या नळीने होणारे बंद करणे कोणाच्याच मंजुरीत येत नाही.

यावर कार्य आयोजनेचा दाखला दिला जाईल. परंतु कार्य आयोजनेचा विचार कक्ष आणि कूप या घटकांतून चालतो. नाल्याची ओलांडणी हा नकाशावरचा एक बिंदू आहे. तोड संपली, कूप बंद झाला, तरी तो बिंदू पुढची अनेक वर्षे पाणी अडवू शकतो. बांधणीचा खर्च एकदाच मांडला जातो, देखभालीचा धनी कोण, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक विसंगती नोंदवावी लागेल. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या कलम ३(२) प्रमाणे गावाला वनजमिनीतून रस्ता हवा असेल, तर क्षेत्र एका हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, अशा अटी आहेत. त्याच नाल्यावर विभागाची मोरी येते तेव्हा वनसंवर्धन अधिनियमाची सवलत कोणालाच विचारावयास लावीत नाही. मात्र याच अधिनियमाच्या कलम ५ ने वनहक्कधारक आणि त्यांच्या ग्रामसभांना लगतची पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत सुरक्षित राखण्याचा अधिकार दिला आहे, आणि तेथे विभागाच्या बांधकामांचा अपवाद केलेला नाही. जेथे असे हक्क मान्य झाले आहेत, तेथील ग्रामसभेस पावसाळ्यापूर्वी आपल्या पाणलोटातील मोऱ्या व रपट्यांची यादी आणि त्यांच्या देखभालीची नोंद विभागाकडे या कलमाच्या आधारे मागता येईल.